रणगाड्यांच्या गावातली लढाई-लढाई

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलं, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

आजचा विषय खेळण्यांचा आहे. टिकल्यांची बंदूक, प्लॅस्टिकचे सैनिक, मातीचा किल्ला, मोबाईलवरची लढाई. हे सगळं खेळून मुलांच्या मनात युद्धाविषयी काय तयार होतं? आणि हा प्रश्न मी नगरमध्ये बसून विचारतोय. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय, तेव्हा बोलताना दोन्ही येईल, सांभाळून घ्या.

सुरुवात झाली ती मागच्या दिवाळीच्या सुट्टीत. बहिणीचा मुलगा आला होता, वय नऊ. पुण्यात वाढतोय. त्याला घेऊन मी इथल्या रणगाडा संग्रहालयात गेलो. १९९४ साली लष्कराने उभारलेलं हे कॅव्हलरी टँक म्युझियम. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती गाडी, ब्रिटिशांचे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, नंतरचा सेंच्युरियन, पाकिस्तानकडून आलेला पॅटन, आपला विजयंता, सगळे एका आवारात उभे. पोराला अर्धी नावं पाठ होती. मोबाईलवर रणगाड्यांचा गेम खेळतो ना. मी पाटी वाचायच्या आधी तो सांगायचा, मामा, याचं चिलखत जाड आहे पण हा स्लो आहे.

एका रणगाड्याच्या झाकणाकडे बघत त्याने विचारलं, "मामा, यातल्या माणसाला लाइफ किती असतात?"

मी म्हटलं, "एकच."

त्याने मान डोलावली. म्हणाला, "म्हणजे हार्ड मोड."

मी हसलो, आजूबाजूचे दोघेजणही हसले. पण घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. पोरगं वाईट नाही. मुंगी मेली तरी हळहळणारं आहे. त्याला युद्ध आवडतं असंही नाही. त्याला युद्ध म्हणजे काय हे एका विशिष्ट पद्धतीने माहीत झालंय, एवढंच. मग माझ्या पिढीला ते कसं माहीत झालं होतं, हे आठवायला लागलो, आणि त्यात एक गोष्ट अशी निघाली की जी मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तिच्याकडे येतो. आधी थोडं या गावाबद्दल.

तोफेचं गाव

नगरला शस्त्रांचा सहवास नवा नाही. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि हे शहर त्या राज्याची राजधानी झालं. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. ती तोफ विजापूरची नाही, नगरची. १५४९ मध्ये ती इथे ओतली गेली. वजन साधारण ५५ टन. तिचं तोंड जबडा वासलेल्या हिंस्र प्राण्याचं केलंय आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय. गोळा काही जबड्यामुळे लांब जात नाही. तो जबडा बघणाऱ्यासाठी आहे. समोरच्याला धडकी भरावी आणि आपल्या बाजूच्याला मजा वाटावी म्हणून. खेळण्यांच्या दुकानात प्लॅस्टिकच्या बंदुकीवर जो भडक रंग आणि लाल दिवा असतो, त्याचा हा पूर्वजच म्हणा.

पुढे इंग्रजांची छावणी आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथे स्थिरावलं, १९७९ मध्ये उभी राहिलेली मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट, तिचंही केंद्र इथेच. गाड्यांवर संशोधन करणारी लष्करी संस्था इथे. आणि शहराबाहेर सरावाचं मैदान, के. के. रेंज. के. के. म्हणजे खारे कर्जुने, त्या गावावरून नाव पडलं. सराव चालू असला की लांबवर धप्प असा आवाज येतो, खिडकीची तावदानं थरथरतात, आणि बाहेरगावचा पाहुणा दचकला की घरातलं कुणीतरी शांतपणे सांगतं, काही नाही हो, फायरिंग आहे. चहा घ्या.

अशा गावात आम्ही लढाई-लढाई खेळत मोठे झालो.

किल्ला आणि टिकल्या

आमच्याकडे युद्धाची दोन खेळणी होती आणि दोन्ही दिवाळीला निघायची. एक मातीचा किल्ला, दुसरी टिकल्यांची बंदूक.

किल्ल्याचं मी सांगायला नको. सहामाही परीक्षा संपली की दगड, विटा, पोती गोळा करायची, चिखल कालवायचा, वर हळीव किंवा मोहरी पेरायची, तिला रोज पाणी मारायचं. बाजारातून सिंहासनावरचे महाराज आणि मातीचे मावळे आणायचे. मावळे कमी पडले की प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक भरतीला. त्यामुळे बालेकिल्ल्यावर महाराज, दरवाज्यात भालदार आणि खाली पायथ्याशी मशीनगन घेऊन पालथा पडलेला जवान, असं आमचं स्वराज्य असायचं. जिजाऊंच्या छायेत शिवबा मातीचे किल्ले रचून खेळायचे, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे या खेळाला घरातून कधी विरोध नसायचा. उलट वडील स्वतः बुरुज लिंपायला बसायचे.

गंमत बघा, किल्ल्यावर आम्ही लढाई फारशी करायचोच नाही. वेळ सगळा बांधण्यात जायचा. पाण्याचं टाकं कुठे, चोरदरवाजा कुठे, तटबंदी खचली तर काय. किल्ला हे युद्धाचं खेळणं असलं तरी त्यात नव्वद टक्के काम गवंड्याचं आणि माळ्याचं होतं.

बंदुकीचं तसं नाही. बंदुकीला एकच काम. टिकलीचा रोल भरायचा, चाप ओढायचा, फट्ट. आणि समोर कुणीतरी लागतं, ज्याने पडायचं असतं.

मोठ्यांना ही काळजी फार जुनी आहे. ब्रिटनमध्ये १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक स्वस्तात तयार व्हायला लागले आणि मध्यमवर्गीय घराघरांत पलटणी उभ्या राहिल्या. एच. जी. वेल्स, तोच तो विज्ञानकथा लिहिणारा, त्याने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. खेळण्यातल्या सैनिकांनी जमिनीवर लढाई कशी खेळायची याचे नियम त्यात आहेत. वेल्सचं म्हणणं असं, की ही छोटी लढाई खेळून बघा म्हणजे खरी लढाई किती मूर्खपणाची असते ते कळेल. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटलं. त्याच १९१४ साली लंडनमध्ये काही शांततावाद्यांनी शांततेच्या खेळण्यांचं प्रदर्शन मांडलं होतं, सैनिकांऐवजी साधे नागरिक वगैरे. 'साकी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने त्यावर कथा लिहिली. त्यातली मुलं त्या शांत खेळण्यांचीच लढाई करून टाकतात. कथा विनोदी आहे. पण लेखक स्वतः १९१६ मध्ये फ्रान्सच्या रणांगणात गोळी लागून गेला.

म्हणजे खेळणी काढून घेतली तरी मूल काठीची बंदूक करतं, यात नवं काही नाही. प्रश्न वेगळाच असावा असं मला वाटतं, आणि तो मला माझ्याच गल्लीत सापडला.

१९९९ ची सुट्टी

उन्हाळ्याची सुट्टी. मी अकरा वर्षांचा. कारगिलचं युद्ध मे महिन्यात सुरू झालं ते जुलैपर्यंत चाललं. टीव्हीवर रोज बोफोर्स तोफा, बर्फाळ डोंगर, तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या. आमचं गाव लष्कराचं, त्यामुळे बातम्या लांबच्या वाटायच्या नाहीत. आमच्या गल्लीत तेव्हा क्रिकेट बंद पडलं आणि भारत-पाकिस्तान सुरू झालं. अर्धवट बांधलेलं एक घर होतं, त्याचा जिना म्हणजे टायगर हिल. वर पाकिस्तान, खालून भारत चढणार. दिवाळीतल्या उरलेल्या टिकल्या, नसल्या तर तोंडाने आवाज.

पाकिस्तान कुणी व्हायचं? पहिल्या दिवशी कुणीच तयार होईना. मग कुणीतरी म्हणालं, आणि ते मी म्हणालो होतो असं मला आता पक्कं वाटतं, की याला करा. हा म्हणजे दोन गल्ल्या पलीकडून येणारा आमचा मित्र. मुसलमान. तो काही बोलला नाही. जिना चढून वर गेला.

दुसऱ्या दिवशी विचारावंच लागलं नाही. तो आला की वरच जायचा. एक-दोन लहान पोरं त्याच्या बाजूने दिली जायची, ती रोज बदलायची. तो बदलायचा नाही. आणि खेळाचा शेवट ठरलेला, टायगर हिल आपण घ्यायची. तो मरायचाही छान. छाती धरून, दोन पायऱ्या घरंगळून. आम्ही टाळ्या वाजवायचो.

यात मारामारी झाली नाही, शिवी कुणी दिली नाही. गल्लीतली मोठी माणसं ओट्यावर बसून बघत होती, हसत होती. कुणालाही काही खटकलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी तो यायचा बंद झाला. आम्ही म्हटलं, गावाला गेला असेल.

आता त्या खेळाकडे बघताना मला एक गोष्ट दिसते. आपल्याकडच्या जुन्या खेळांमध्ये एक शहाणपण आहे, ते आपण कधी मोजत नाही. पहिलं म्हणजे राज्य फिरतं. लपंडाव घ्या, डबा ऐसपैस घ्या, साखळी घ्या. आज तुझ्यावर राज्य, थोड्या वेळाने माझ्यावर. राजा, प्रधान, चोर, शिपायाच्या चिठ्ठ्या उधळतो तेव्हा चोर कोण हे चिठ्ठी ठरवते. मगाचा राजा पुढच्या डावात चोर. दुसरं, टाइमप्लीज. धाप लागली, चप्पल तुटली, आईने हाक मारली, की मूठ वर करून टाइमप्लीज म्हणायचं आणि समोरचा थांबतो. तिसरं, कच्चं लिंबू. लहान भावंडाला खेळात घ्यायचं पण बाद धरायचं नाही.

युद्धात या तिन्ही सवलती नसतात. म्हणूनच ते युद्ध असतं. खेळ कितीही धांगडधिंग्याचा असो, जोवर राज्य फिरतंय, टाइमप्लीज चालतंय, कच्च्या लिंबाला जागा आहे, तोवर तो खेळच असतो. आम्ही १९९९ मध्ये बंदूक हातात घेतली म्हणून चुकलो नाही. आम्ही राज्य फिरवणं बंद केलं, तिथे चुकलो.

इतिहासातल्या बाजू

आणि ज्या गावात हे केलं, त्या गावाचा इतिहास आम्हाला माहीत असता तर खेळ मांडणंच अवघड झालं असतं.

१५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मुघल फौजेने नगरच्या भुईकोटाला वेढा घातला. आत नेतृत्व करत होती चांदबीबी, हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत बुजवून घेतली, ही आठवण आजही इथे सांगितली जाते. पुढच्या वर्षी तह झाला, वऱ्हाड मुघलांना गेलं, शहर वाचलं. १६०० मध्ये मुघल पुन्हा आले आणि तिचा खून झाला तो बाहेरच्या शत्रूकडून नाही, किल्ल्यातल्या आपल्याच माणसांकडून.

याच निजामशाहीच्या चाकरीत मालोजीराजे भोसले होते, शिवाजी महाराजांचे आजोबा. नगरच्या शहाशरीफ पिरावर त्यांची श्रद्धा, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं परंपरा सांगते. तो दर्गा आजही इथे आहे.

आणि १८०३. ऑगस्टच्या ८ तारखेला आर्थर वेलस्लीने नगरची पेठ घेतली, १२ तारखेला किल्ला. आत होती शिंद्यांची शिबंदी, तिच्यात मराठे होते तसे अरबही होते. आणि बाहेर, इंग्रजांच्या छावणीत, पेशव्यांकडून आलेली मराठी पथकं होती, कारण वसईच्या तहानंतर बाजीराव इंग्रजांच्या बाजूला गेला होता.

आता करा वाटणी. आपले कोण, परके कोण? चांदबीबीच्या वेढ्यात मुसलमान विरुद्ध मुसलमान, १८०३ मध्ये मराठे दोन्हीकडे. आमच्या जिन्यावरच्या टायगर हिलला इतकी गुंतागुंत पेलली नसती. खेळण्याचा हाच गुण आणि हाच धोका. ते इतिहासातलं सगळं गाळून दोन रंग शिल्लक ठेवतं.

अभ्यास काय म्हणतो

तुम्ही म्हणाल, हा झाला तुझा अनुभव, शास्त्र काय म्हणतं? तर १९६१ मध्ये स्टॅनफर्डला अल्बर्ट बांडुरा यांनी ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बदडलं. नंतर त्या मुलांनीही तसंच बदडलं. हा प्रयोग खेळण्यांच्या विरोधात नेहमी वापरला जातो. पण मुलांनी नक्कल केली ती मोठ्या माणसाची. दुसऱ्या मुलांसमोर मोठा माणूस शांत बसला होता, त्यांच्यासमोरही नंतर तोच बाहुला होता, आणि त्यांनी मारझोड बरीच कमी केली.

व्हिडिओ गेमबद्दल तर वाद अजून मिटलेला नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटिश किशोरवयीन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हिंसक गेम आणि आक्रमक वागणूक यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की चिडणं, आरडाओरडा, ढकलाढकली अशा गोष्टींशी थोडासा संबंध दिसतो, पण खऱ्या गुन्हेगारी हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही.

आपल्याकडे पबजीचं काय झालं आठवतंय? २०१९ मध्ये राजकोटला पोलिसांनी त्यावर बंदी घालून खेळणाऱ्या पोरांना पकडलं. मुंबईत अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाने बंदीसाठी उच्च न्यायालयात याचिका गेली. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये देशभर बंदी आली, पण ती हिंसेमुळे नाही, तर चीनशी तणाव आणि माहितीची सुरक्षितता यामुळे. २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून परत आला. भारतासाठी त्यात बदल काय केले? रक्ताचा लाल रंग हिरवा केला आणि मारलं हा शब्द काढून तिथे संपवलं अशा अर्थाचा शब्द घातला.

मला हा बदल विचित्र वाटतो. गोळी तीच, माणूस तसाच पडतो, फक्त रक्त रक्तासारखं दिसत नाही. आपल्याला मुलांना हिंसेपासून वाचवायचंय की हिंसेच्या परिणामापासून? लाल रंग बघून एखादं पोर क्षणभर थबकलं असतं, तर ती एकच खरी गोष्ट त्या पडद्यावर होती.

लढाईची स्वप्नं बघणारं प्रत्येक मूल युद्धखोर होत नाही, हेही नगरच्याच किल्ल्यात दिसतं. शाळकरी वयात जवाहरलाल नेहरू रशिया-जपान युद्धाच्या बातम्यांनी भारावले होते, हातात तलवार घेऊन देश सोडवायची स्वप्नं बघत होते. आत्मचरित्रात त्यांनीच ते लिहिलंय. तोच मुलगा पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये अहिंसक आंदोलनाचा कैदी म्हणून नगरच्या किल्ल्यात आला, मार्च १९४५ पर्यंत राहिला, तिथे फुलझाडं लावली आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. तलवारीचं स्वप्न कुठे गेलं? मधल्या काळात त्याला दुसऱ्या गोष्टी सांगणारी माणसं भेटली.

एकच लाइफ

आता भाच्याच्या प्रश्नाकडे परत येतो. लाइफ किती?

नगरच्या आर्मर्ड कोअर केंद्रात एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवलाय. नाव फामागुस्ता. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते. पुण्यात जन्मलेले, वय २१. रणगाड्याला आग लागली, वरिष्ठांनी बाहेर पडायला सांगितलं. तोफ चालतेय म्हणून ते थांबले आणि लढत राहिले. शेवटचा गोळा अगदी जवळून आला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

एवढी गोष्ट मुलांना सांगतात, आणि सांगायलाच हवी. पण तिचा पुढचा भाग तीस वर्षांनी घडला. २००१ मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ८१ व्या वर्षी पाकिस्तानात आपलं जन्मगाव सरगोधा बघायला गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी. मनापासून केला. आणि निघायच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. नासिर तेव्हा १३ लान्सर्समध्ये होते, जी रेजिमेंट फाळणीपर्यंत एकाच हिंदुस्थानी लष्कराचा भाग होती. म्हाताऱ्या बापाने ते ऐकून घेतलं. सैनिक होता, त्यामुळे समोरच्याने आपलं काम केलं हे त्याला कळत होतं. पण मुलगा तर गेलेलाच होता.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "मग ते भांडले नाहीत?" मी म्हटलं, "नाही." "का?" याचं उत्तर मला नीट देता आलं नाही. पण तो प्रश्न हार्ड मोडच्या फार पुढचा होता.

आणि अजून एक गोष्ट सांगितली. के. के. रेंजच्या आसपासच्या गावांत न फुटलेले गोळे मातीत राहून जातात. पितळ आणि लोखंड भंगारात विकलं जातं म्हणून गरीब माणसं ते वेचायला जातात. फोडायला गेलं की काही वेळा स्फोट होतो आणि माणसं जातात, हात जातात. अशा बातम्या आम्ही नगरकर अधूनमधून वाचत आलोय. म्हणजे शत्रू नाही, सीमा नाही, युद्धही नाही, सराव आहे, तरीही शस्त्र आपलं काम करतं. जिला आम्ही फायरिंग आहे, चहा घ्या म्हणतो, ती हीच गोष्ट.

मग करायचं काय?

बंदी घालून बघितलेलं आहे. स्वीडनमध्ये १९७९ मध्ये सरकारी मंडळ आणि खेळणी विकणारे यांनी समझोता करून युद्धाची खेळणी विकणं थांबवलं. त्यात रेघ आखली होती १९१४ ची. त्यानंतरच्या युद्धांची खेळणी नकोत, आधीची चालतील. म्हणजे आपला मातीचा किल्ला पास आणि प्लॅस्टिकचा रणगाडा नापास. दुकानापुरतं हे ठीक असेल, पण मोबाईलच्या काळात रेघ कोण आखणार आणि कोण पाळणार?

मी माझ्यापुरतं जे ठरवलंय ते साधं आहे. मूल लढाई खेळत असेल तर खेळू दे. पण शत्रू कोण झालाय तिकडे लक्ष ठेवायचं. रोज तोच पोरगा पडत असेल तर ओट्यावर बसून हसायचं नाही, उठून सांगायचं, आता राज्य बदला. आणि जी गोष्ट सांगाल ती अर्धी सांगू नका. जिंकल्याची सांगितली तर गमावल्याचीही सांगा.

त्या दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला केला. भाच्याला रायगड हवा होता. मी म्हटलं, यंदा आपल्या गावचा करू. भुईकोट म्हणजे डोंगर नाही, नुसता गोल तट आणि भोवती खंदक. त्याला आधी कंटाळवाणं वाटलं, पण खंदकात पाणी टिकवायचं कसं यात दोन दिवस रमला. मग अडचण आली, चांदबीबी आणायची कुठून? बाजारात महाराज मिळतात, मावळे मिळतात, गवळण मिळते, चांदबीबी मिळत नाही. शेवटी बहिणीची जुनी बाहुली घेतली, तिला रुमालाचा बुरखा केला आणि हातात झाडूची काडी दिली. बाहेर मुघल म्हणून कोण उभं करायचं यावर वाद झाला. मावळ्यांना मुघल करायला तो तयार होईना. मग मी मालोजीराजांचं सांगितलं, १८०३ चं सांगितलं. तो वैतागून म्हणाला, "मामा, मग नक्की कोण कुणाच्या बाजूने होतं?"

मी म्हटलं, "तेच तर शिकायचंय."

राहिला तो मित्र. या भागाची तयारी करताना त्याचा नंबर मिळवला. आता दुसऱ्या शहरात असतो, स्वतःचं काम आहे, दोन मुलं आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी जिन्याचा विषय काढला. तो मोकळेपणाने हसला. म्हणाला, "अरे, मरायचं काम तुम्हाला कुणालाच जमायचं नाही. मी होतो म्हणून खेळ रंगायचा."

मी माफी मागितली. थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग तो म्हणाला, "मी यायचा बंद झालो तेव्हा तुमच्यापैकी कुणी घरी येऊन विचारलंही नाही रे, का येत नाहीस म्हणून. दोनच तर गल्ल्या होत्या."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याच्या परवानगीने हे सांगतोय, नाव न घेता.

तुमच्या लढाई-लढाईत पाकिस्तान, मुघल, चोर किंवा राक्षस कोण व्हायचं, आणि ते कोण ठरवायचं, हे आठवून बघा. जमलं तर लिहून कळवा. पुढच्या भागात भेटू.